शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या वहिनीचा उजवा पाय ब्रेक दाबतो. गाडीत दाबतो तो दाबतोच, पण घरी टीव्ही बघताना पडद्यावर कुणी गाडी जोरात हाणायला लागला की समोरच्या टीपॉयवरही दाबला जातो. दादा जेवताना तिसऱ्यांदा वाढून घ्यायला लागला की दाबला जातो. बोलणं नको त्या विषयाकडे वळलं की तो टेबलाखाली कुणाच्या तरी पायावर येतो, आणि नको ते विषय बहुतेक मीच काढत असल्यामुळे तो पाय बहुतेक माझा असतो.

तिचा धंदाच तसा आहे. गेली कित्येक वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. शाळा म्हणजे बाजारामागच्या गल्लीतला एक गाळा. एक टेबल, दोन खुर्च्या, रस्त्यावरच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, आणि कोपऱ्यात लोखंडी खांबावर बसवलेलं एक सुटं स्टिअरिंग. नवीन माणूस आला की वहिनी त्याला आधी ते स्टिअरिंग नुसतं फिरवायला लावते. बँकेचे मॅनेजर, दातांचे डॉक्टर, एरवी कुणाला मोजत नाहीत अशी माणसं त्या गाळ्यात उभी राहून नसलेली गाडी डावीकडे वळवत असतात. माझं काही काम नसलं की मी हे बघायला जाऊन बसतो. आणि मला काम कमीच असतं, असं वहिनीचं म्हणणं आहे.

शाळेच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटवर, वहिनीच्या पायाशी. गावातली निम्मी माणसं या दुसऱ्या ब्रेकच्या भरवशावर शिकली. पाठीमागे सगळे तिला ब्रेकबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतं.

पण तिची खरी कमाल बघायची तर पुलाकडे जाणाऱ्या चढावर. तिथं रोज कुणी ना कुणी अडकतं. गाडी चढावर थांबलेली, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि शिकणाऱ्याचा पाय ब्रेकला चिकटलेला. सोडला तर गाडी मागे घरंगळेल, नाही सोडला तर पुढे जाता येत नाही. घामाघूम होऊन माणूस वहिनीकडे बघतो. वहिनी त्याच्याकडे बघतही नाही. समोर काचेतून बघत, भाजी काय आणायची ते सांगावं अशा आवाजात ती म्हणते, ‘‘माझा पाय आहे खाली. तू सोड.’’ आणि माणूस सोडतो. आमचं घर या एका वाक्यावर चाललंय, असं मी दादाला म्हणतो. दादाचं चष्म्याचं दुकान आहे, पण तो ते मान्य करतो.

मलाही तिनं शिकवून बघितलं. महिन्याभरानं म्हणाली, ‘‘भाऊजी, तुम्ही सायकलच चालवा.’’

लोक मला हळूच विचारतात की तुमच्या वहिनींचं पूर्वी काही झालं होतं का, एखादा अपघात वगैरे, म्हणून त्या एवढ्या जपतात का. लोकांना प्रत्येक सवयीमागे एक दुःखद गोष्ट लागते. तशी गोष्ट नाही. तिच्या हातून उभ्या आयुष्यात एक आरसासुद्धा फुटलेला नाही, आणि खरी भानगड तीच आहे. काहीच झालं नाही याचं सगळं श्रेय तिनं त्या पायाला देऊन टाकलंय. तो उचलला तर काय होईल हे तिनं कधी बघितलंच नाही.

आता याचा सगळ्यात जास्त ताप कुणाला झाला असेल तर आमच्या छोटीला. छोटी म्हणजे माझी पुतणी, दादा-वहिनीची एकुलती एक. नाव लहानपणी पडलं ते पडलं, आता ती आम्हा सगळ्यांपेक्षा वीतभर उंच आहे. लायसन्सची परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली, आणि त्यानंतर एकदाही गाडीत एकटी बसली नाही. घरची गाडी म्हणजे शाळेचीच जुनी, निवृत्त झालेली. टपावरची पाटी काढली, दुसरा ब्रेक तसाच राहिला. छोटी मैत्रिणीकडे निघाली की वहिनी शेजारी. छोटी वर मैत्रिणींबरोबर खिदळतेय आणि खाली गाडीत तिची आई शब्दकोडं सोडवत बसली आहे, हे दृश्य त्या बिल्डिंगच्या वॉचमनला इतकं पाठ झालं की तो तिला अडलेले शब्द सुचवायला लागला. गाडी थांबली की किल्ली काढून वहिनीच्या पर्समध्ये जायची. शाळेचा नियम घरालाही लागू.

तर ही छोटी गुरांची डॉक्टर झाली. तिला नोकरी लागली ती दूरच्या गावी, आणि कामही असं की सकाळी एका गोठ्यावर तर दुपारी दुसऱ्या. गाडीशिवाय जमण्यासारखं नव्हतं. गाडी घरात उभी होतीच. वहिनी म्हणाली की हरकत नाही, मीही येते. शाळा काही महिने बंद ठेवू, तिथं एक खोली घेऊ, तू गाई तपास, मी शेजारी बसते. दादा चष्मा पुसत राहिला. टेबलाखाली माझ्या पायावर पाय आला, म्हणून मीही काही बोललो नाही.

छोटी मला गॅलरीत गाठून म्हणाली, ‘‘काका, आई आली तर मी जाणारच नाही. नोकरीचं पत्र परत पाठवते. पहिल्या दिवशी आईला घेऊन गोठ्यात गेले तर गाईसुद्धा हसतील.’’ बोलताना हसत होती, पण तिचे डोळे भरले होते. आईला दुखवायचं नाही आणि आईला न्यायचंही नाही, असा सगळा पेच होता. सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं.

त्याआधी सगळ्यांनी दोन दिवस कुठं तरी जाऊन येऊ असं दादानं काढलं. दादा वर्षातून एखादी गोष्ट काढतो, त्यामुळे ती मोडवत नाही. त्याच्या एका गिऱ्हाइकानं डोंगरातल्या कुठल्याशा ठिकाणाचं कौतुक केलं होतं. खोल्या स्वच्छ, हवा गार, आणि तिथं म्हणे दरीवरून तारेला लटकून पलीकडे जाता येतं. झिपलाइन. वहिनी म्हणाली की हवा गार आहे ना, मग तेवढी खाऊन परत येऊ.

जाताना छोटी गाडी चालवत होती, शेजारी वहिनी, मागे मी आणि दादा. घाट लागला आणि वहिनीच्या पायाला चेव आला. प्रत्येक वळणावर दाब. एका अवघड वळणाआधी तर तिनं पेडल पार तळापर्यंत दाबलेलं मी मागून बघितलं, आणि गाडी मात्र आपली जात राहिली. मग छोटीनं तिच्या वेळेला वेग कमी केला आणि वळण घेतलं. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली की इथली झाडं काय छान आहेत. मला वाटलं, पेडलला तेल हवं असेल. गाडीतलं मला काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या झिपलाइनच्या मचाणावर उभे होतो. इकडे एक टेकडी, तिकडे एक टेकडी, मध्ये हिरवीगार दरी आणि तिच्यावरून गेलेली एक तार. तार कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा फार जाड आहे असं मला तरी वाटलं नाही. दादानं आधीच सांगून टाकलं की तो येणार नाही, इथून नीट दिसतं. त्यासाठी त्यानं दुकानातली दुर्बीण आणली होती.

वहिनी आली होती ती हरकत घ्यायला. तिथला उंच, सडपातळ गाइड सगळ्यांना पट्टे बांधत होता, त्याला तिनं कोपऱ्यात घेतलं. तार किती जुनी, ती कोण तपासतं, तारेवरून धावणारी कप्पी अडकली तर काय, असं सगळं विचारून झाल्यावर तिनं मुद्द्याला हात घातला. ब्रेक कुठं आहे? गाइडनं जाड चामड्याचा हातमोजा दाखवला. तोच ब्रेक. उजवा हात कप्पीच्या मागे तारेवर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. पलीकडचा माणूस लाल फडकं हलवेल तेव्हाच दाबायचं. आधी दाबलं तर मध्येच थांबाल.

‘‘आणि दुसरा ब्रेक?’’ वहिनीनं विचारलं.

‘‘दुसरा कुठला?’’

‘‘तुमच्याकडचा.’’

‘‘आमच्याकडे काही नसतं, मॅडम. इथून एकदा सोडलं की सोडलं.’’

वहिनीला एवढं पुरे झालं. रांगेत पहिली छोटी होती, पट्टे आवळून, हेल्मेट घालून, अगदी कडेला. वहिनी तिच्याकडे गेली, तिला दंडाला धरून मागे केलं आणि गाइडला म्हणाली की आधी मी जाते. तार कशी आहे ते बघते. तिनं बघितलेली नाही अशी कुठलीही गोष्ट पोरीनं आधी करायची नाही, हा आमच्या घरातला कायदा. लहानपणी खिचडी गरम आहे का हेसुद्धा तीच आधी बघायची.

छोटी बाजूला झाली. वहिनीला पट्टे बांधले, डोक्यावर हेल्मेट बसवलं. प्रवासात दोरीनं आवळलेली गादी असते ना, तशी ती दिसत होती, आणि हे मी तिला सांगितलंही. तिनं पर्स माझ्या हातात कोंबली. मग गाइडनं काहीतरी मोजलं आणि वहिनी गेली.

ओरडली नाही. गेली ती सर्रकन, पाठमोरी, ताठ. क्षणभर मला तिचा अभिमान वाटला. आणि मग, तारेचा जेमतेम तिसरा हिस्सा झाला असेल, तिथं कप्पीनं अंगावर काटा येईल अशी किंकाळी फोडली आणि आमची वहिनी दरीवर हवेतच उभी राहिली.

‘‘थांबली,’’ दादा दुर्बिणीतून म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘पायही दाबतेय.’’

खरंच दाबत होती. खाली नुसती दरी, आणि तिचा उजवा पाय हवेत पुढे ताणलेला, टाच खाली, चवडा वर, अगदी शाळेत शिकवते तसा. गाइडनं कपाळाला हात लावला. तो म्हणाला की एवढ्या अलीकडे आजपर्यंत कुणी थांबलेलं नाही. काळजीचं कारण नव्हतं, अजून पुढे उतार होता, तिनं नुसता हात सोडला की ती आपोआप पलीकडे जाणार होती. नाही सोडला तर पलीकडच्या माणसाला तारेला लटकत येऊन तिला ओढत न्यावं लागणार होतं, आणि तिनं हात आवळून धरलेला असताना ते काम सोपं नव्हतं.

मग सगळ्यांनी सुरू केलं. गाइड ओरडला, हात सोडा. मागे एकसारखे टीशर्ट घातलेलं एक कुटुंब होतं, तेही ओरडलं, काकू, सोडा. नव्यानं लग्न झालेलं एक जोडपं होतं, त्यातला नवरा बायकोला समजावून सांगायला लागला की या वयात हे असं होतं. मीही राहवलं नाही म्हणून ओरडलो, ‘‘वहिनी, मागे ट्रॅफिक जाम झालंय!’’ वहिनीनं मान न वळवता काहीतरी उत्तर दिलं. ते वाऱ्यावर गेलं, हे माझं नशीब.

लोक हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला तिचा कोपर दिसला. तो थरथरत होता. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेली बघितली होती, दमलेली बघितली होती, घाबरलेली कधी बघितली नव्हती. ही बाई चढावरच्या त्या माणसांसारखी अडकली होती, आणि तिच्या शेजारची सीट रिकामी होती.

छोटी पुढे आली. गाइडनं तिचा पट्टा मागून धरून ठेवला. ती ओरडली नाही. आधी तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि गलका थांबेपर्यंत वाट बघितली. मग समोर बघत, जेवढा लागेल तेवढाच आवाज काढून ती म्हणाली,

‘‘आई, माझा पाय आहे खाली. तू सोड.’’

शुद्ध थाप. तिच्या पायाखाली मचाणाची फळी होती आणि फळीखाली झाडांचे शेंडे. पण वहिनीची मान जराशी वर झाली. पुढे ताणलेला पाय हळूच खाली आला. आणि तिनं हात सोडला.

कप्पी पुन्हा गुणगुणायला लागली. वहिनी लहान लहान होत गेली. पलीकडे लाल फडकं हललं, जोरजोरात हललं, आणि वहिनीचा आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक दाबायचा राहून गेला.

‘‘माणूस पडला,’’ दादा म्हणाला. मग दुर्बीण नीट करून म्हणाला, ‘‘ही उभी आहे. त्याला उठवतेय.’’ दुर्बीण खाली घेतली तेव्हा तिच्या दोन्ही काचांवर वाफ धरली होती. ती त्यानं बराच वेळ पुसली.

मग छोटी गेली, आणि तिच्यामागे मी गेलो. माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी डोळे मिटले होते आणि माझी बोंब दादाला दुर्बिणीशिवाय पोचली.

पलीकडे एक छोटंसं कँटीन होतं. दादा पायवाटेनं वळसा घालून येईपर्यंत आम्ही तिघं तिथं बसलो. वहिनीचे केस हेल्मेटनं चप्प बसले होते आणि चहाचा कप तिनं दोन्ही हातांनी धरला होता. मी काही बोलायच्या आत टेबलाखाली पाय आला, म्हणून मी बिस्किटं खाल्ली.

‘‘तुझा पाय होता म्हणे खाली,’’ वहिनी म्हणाली.

‘‘थाप मारली,’’ छोटी म्हणाली. ‘‘तू सगळ्यांना सांगतेस तेव्हा खरा असतो. माझा कुठला असणार? पण तू सोडलंस ना.’’

वहिनीनं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, ‘‘माझाही नव्हता.’’

‘‘काय नव्हता?’’

‘‘आपल्या गाडीतला माझा ब्रेक तुटलाय. मागच्या उन्हाळ्यातच. गॅरेजवाला म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीचा तो दांडा आता मिळत नाही, पेडल काढून टाकू का. मी म्हटलं, राहू दे.’’

छोटीनं कप खाली ठेवला. ‘‘मग वर्षभर तू दाबत काय होतीस?’’

‘‘पेडल.’’

‘‘आणि गाडी कोण थांबवत होतं?’’

‘‘तूच की,’’ वहिनी म्हणाली.

चिडावं की हसावं हे छोटीचं ठरत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी तिनं विचारलं, ‘‘मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘सांगितलं असतं तर मी शेजारी कशाला बसले असते?’’

माझ्या जिभेवर एक छान विनोद तयार होता. तो मी गिळला. एवढी मोठी गोष्ट वहिनीनं कधी कुणाला सांगितली नव्हती, दादालासुद्धा नाही, आणि ती सांगताना तिचा आवाज भाजी सांगतानाचाच होता. छोटीनं खुर्ची सरकवली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. उंची जास्त असल्यामुळे तिला बरंच वाकावं लागलं. वहिनीनं तिला थोडा वेळ तसं राहू दिलं, मग म्हणाली, ‘‘भाऊजी, पर्स द्या.’’ किल्ली काढून तिनं छोटीच्या कपाशेजारी ठेवली आणि पर्सची चेन लावून टाकली.

परतताना ती मागे बसली, माझ्या शेजारी. पुढे दादा. इतक्या वर्षांत पुढच्या सीटवर बसायची त्याची पहिलीच खेप होती, आणि पायाशी ते पेडल बघून तो अवघडून पाय वर धरून बसला. चुकून दाबलं गेलं तर काय होईल, असं त्यानं विचारलं.

‘‘बिनधास्त दाबा,’’ वहिनी म्हणाली. ‘‘काही होत नाही.’’

घाट सुरू झाला. पहिल्याच वळणावर तिचा पाय माझ्या पायावर आला, चांगला वजनासकट. दुसऱ्या वळणावर पुन्हा. टेबलाखालचा आणि हा, यात फरक होता. टेबलाखाली ती मला थांबवते. मी पाय काढून घेऊ शकलो असतो, मागे जागा भरपूर होती. नाही काढला. घरी पोचेपर्यंत माझा अंगठा वांग्यासारखा झाला होता.

सोमवारी सकाळी छोटी निघाली. डिकीत कपड्यांची बॅग, गमबूट, औषधांची पेटी, आणि शेजारच्या सीटवर वहिनीनं दिलेला डबा. डब्याला तिनं सीटबेल्ट लावला. काही सूचना द्यायच्या असतील म्हणून छोटी काच खाली करून थांबली, तर वहिनी म्हणाली की पेट्रोल आहे ना, मग झालं. दादा म्हणाला की चष्मा वापरत जा, आणि मग त्याच्या लक्षात आलं की छोटीला चष्मा नाही. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

आम्ही तिघं फाटकात उभे राहिलो. मी मुद्दाम जाड बूट घालून आलो होतो. गाडी सुरू झाली, रस्त्याला लागली, आणि माझ्या बुटावर वजन आलं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. समोर बघत होती, काचेतून बघते तशी. गाडी इस्त्रीवाल्याचं दुकान ओलांडून कोपऱ्याकडे निघाली तसं वजन वाढत गेलं. कोपऱ्यावर एक सायकलवाला आडवा आला, आणि गाडीचे मागचे लाल दिवे लागले. छोटीनं ब्रेक दाबला होता. सायकलवाला गेला, दिवे विझले, गाडी वळली.

तेव्हा कुठं वहिनीनं माझ्या बुटावरचा पाय काढला.